पाठवणीचं रीळ

झाशीत पासपोर्ट फोटोला दहा मिनिटं लागतात. मधुकाकांकडे एक तास लागायचा, कारण त्यातली पन्नास मिनिटं लाला दीनदयाळ खायचे.

मधुकाका म्हणजे मधुसूदन चांदोरकर. माणिक चौकामागच्या गल्लीतल्या ‘चांदोरकर फोटो स्टुडिओ’चे मालक, फोटोग्राफर आणि झाडूवाले, सगळं एकटेच. हे आडनाव इथल्या जिभांना झेपत नाही, त्यामुळे गावभर त्याचं नाव ‘चंदेरी स्टुडिओ’. काकांनी वीसेक वर्षं लोकांना दुरुस्त केलं, मग नाद सोडला. “साडीचं नाव आहे, वाईट नाही,” म्हणाले.

त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत. दोन्हीकडचे पूर्वज पेशवाईत इकडे आले, त्यांचे कारकुनी करायला आणि आमचे पूजा सांगायला. अडीचशे वर्षांत फरक एवढाच पडला, की आता मी विमा कंपनीत कारकुनी करतो आणि काका भिंतीवरच्या तीन फोटोंची पूजा करतात.

ते तीन फोटो स्टुडिओत शिरल्या शिरल्या समोर. पहिले लाला दीनदयाळ. खेड्यातून आलेली माणसं त्यांना काकांचे आजोबा समजून हात जोडतात, आणि काका काही बोलत नाहीत. दुसऱ्या होमाई व्यारावाला, हातात भलाथोरला कॅमेरा. तिसरा एक फ्रेंच माणूस, आँरी कार्तिए-ब्रेसाँ. हा काकांचा ब्रेसाँसाहेब. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं, त्याने हनुवटी वर केली आणि आता त्याला पळता येणार नाही अशी खात्री झाली, की काका सुरू. गिऱ्हाइकाशी अर्थातच हिंदीत, पण मी आपलं मराठीत लिहितो.

“हे लालाजी. रुडकीला शिकले, इंदूरला सरकारी नोकरीत लागले. फोटोचा नाद लागला आणि आपल्या या सगळ्या मुलखात हिंडले. दतिया, ओरछा, ग्वाल्हेर. दीडशे वर्षांपूर्वी. काचेच्या प्लेटा, जड जड पेट्या. पुढे निजामाने बोलावलं. हैदराबादेत त्यांनी पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला, कॅमेऱ्यामागेसुद्धा बाईच. त्या बायकांनाही वाटत असेल ना, आपला चेहरा कागदावर बघावा? हलू नका.”

समोर टहरौलीचे एक बाबा पेन्शनच्या फॉर्मसाठी बसलेले. त्यांनी न हलता विचारलं, “काए भैया, फोटू कबै मिलहै?”

“अभी होमाईबाई बाकी हैं, दादा,” मी मागच्या बाकावरून म्हणायचो.

काकांना माझी टवाळी आवडायची. पलीकडच्या भिंतीतून ऐकत मोठा झालेला मीच त्यांचा एकमेव श्रोता, ज्याला फोटो नको होता. होमाईबाईंचे पहिले फोटो नवऱ्याच्या नावावर छापले गेले, हे सांगताना काकांना दर वेळी नव्याने राग यायचा. देशातल्या पहिल्या बाई प्रेस फोटोग्राफर, पंतप्रधानांपासून राण्यांपर्यंत सगळे टिपले, आणि सत्तर साली एक दिवस कॅमेरा खाली ठेवला तो ठेवलाच. चाळीसेक वर्षं जगल्या त्यानंतर.

“काका, तुम्ही कधी ठेवताय?”

“तुझ्या लग्नाचे फोटो काढले की. म्हणजे मरेपर्यंत सुटका नाही.”

ब्रेसाँसाहेबाचं सगळं काकांना पाठ होतं. छोटा कॅमेरा, एकच लेन्स. कॅमेऱ्याच्या चकाकणाऱ्या भागांवर काळी पट्टी लावायचा, कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून. गांधीजींना त्यांच्या मृत्यूच्या थोडंच आधी भेटला, आणि मग अंत्ययात्रेतली माणसं टिपली. बोट नेमकं कधी दाबायचं हे जगाला त्याने शिकवलं, असं काका म्हणायचे, आणि स्वतःही गिऱ्हाइकाचा एकच फोटो काढायचे. दुसरा मागितला तर म्हणायचे, “पहिल्यातच तुम्ही आहात. दुसऱ्यात फक्त तुमचा शर्ट येईल.”

आणखी एक गोष्ट प्रसिद्ध आहे, की ब्रेसाँसाहेबाला फ्लॅशचा तिटकारा होता. एकदा मीच कुठेतरी वाचून आलो आणि ऐटीत सांगितली. काकांना माहीत नसेल हे शक्यच नव्हतं. पण ते लेन्स पुसत राहिले आणि म्हणाले, “दिवे बंद कर जाताना.” मला वाटलं, आपण गुरूपेक्षा जास्त वाचलं म्हणून गुरू चिडले. मी तेवढा शहाणा होतो.

इंदूकाकू या तिन्ही महापुरुषांना ओळखून होत्या. स्टुडिओच्या मागेच घर, मध्ये एक पडदा. व्याख्यान लांबलं की पडद्यामागून आवाज यायचा, “अहो, तुमच्या त्या साहेबाला विचारा, सिलिंडर कधी आणताय.”

काकू समथरच्या. आई लवकर गेली, वडील तिथे शाळेत मास्तर होते, आणि एकच भाऊ, काकूंपेक्षा नऊ वर्षांनी लहान. जयंत. त्याला काकूंनीच वाढवला म्हणायला हरकत नाही. हा जयंतमामा मी पाहिलेला नाही, माझ्या जन्माआधीचा. पण त्याच्या गोष्टी इतक्या ऐकल्या आहेत की रस्त्यात भेटला तर ओळखेन असं मला वाटायचं. एका जागी बसायचा नाही. शाळेच्या दहावीच्या ग्रुप फोटोत चाळीस मुलांचे चाळीस चेहरे आहेत, आणि तिसऱ्या रांगेत एका मुलाच्या खांद्यांवर नुसता धुरकट फराटा. तो जयंत. फोटोग्राफरने बटण दाबलं तेव्हा तो मागच्या मुलाला काहीतरी सांगायला वळला होता. एवढा एकच फोटो. समथरात घरात कॅमेरा कुणाकडे होता? आणि झाशीत प्रत्यक्ष मेहुणाच फोटोग्राफर, त्यामुळे काय घाई, काढू कधीतरी.

तो कधीतरी म्हणजे माझ्या रेवतीआत्याचं लग्न. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, मे महिन्यात, लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याजवळच्या धर्मशाळेत. फोटो काढायला मधुकाका, शेजारधर्म म्हणून. जयंतमामा वीस वर्षांचा. काकांचाच कोट घालून आला होता, बाह्या बोटांपर्यंत. जेवणं उरकली, पाठवणीची गडबड सुरू होती, तेवढ्यात तो काकूंचा हात धरून रिकाम्या स्टेजवर चढला आणि नवरा-नवरीच्या खुर्च्यांमध्ये दोघं उभी राहिली. “भाऊजी, एक आमचा!” फ्लॅश पडला. हे सगळ्यांनी पाहिलं. माझी आई आजही सांगते, फ्लॅश पडला तेव्हा तो इतका हसत होता की गुरुजीसुद्धा वळून बघायला लागले.

अकरा दिवसांनी समथरहून मोठ गावाला येताना जीप उलटली.

तेराव्याला काकूंनी काकांना म्हटलं, तेवढा एक फोटो मोठा करून द्या. रीळ अजून कॅमेऱ्यातच होतं, दोन फोटो शिल्लक होते म्हणून धुवायला दिलेलं नव्हतं. काकांनी दिलं. धुऊन आलं ते काळं ठिक्कर. कॅमेऱ्याचं मागचं झाकण नीट बसलं नव्हतं, उजेड शिरला, असं काका म्हणाले. जयंत गेला, आणि त्याच रिळात आमच्या आत्याची पाठवणीही गेली. माझे आजोबा गोपाळराव, ज्यांना घरात कुणी कधी रडताना पाहिलं नाही, ते त्या दिवशी आत्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले होते. त्याचे फोटो होते त्यात. पुढच्या थंडीत आजोबा गेले. आमच्या घरात अजून कुणी म्हणतं, “ते रीळ राहायला हवं होतं,” की दुसरं कुणीतरी म्हणतं, “मशीनच ते, मधूचा काय दोष.”

काकूंनी ते रीळ टाकू दिलं नाही. काळी प्लास्टिकची डबी, करडं झाकण. तेव्हा काका त्यांची समजूत घालायला म्हणून गेले होते, “आज नाही, पण पुढेमागे असं मशीन निघेल, की खराब रिळातूनही चित्र काढता येईल.” समजूत घालायला माणूस काहीही बोलतो. काकूंनी ते धरून ठेवलं.

भाऊबीजेला ज्यांना भाऊ नाही त्या बायका चंद्राला ओवाळतात. आमच्या झाशीतल्या मराठी घरांत अजून चालतं हे. काकूंना पहिल्या वर्षी माझ्या आजीने सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “मला भाऊ आहे. डबीत आहे.” आणि पाट मांडला, पाटावर ती डबी ठेवली, डबीला कुंकू लावलं, ओवाळलं. दर वर्षी. काका समोर बसलेले असायचे. लहानपणी मला त्या डबीपुढचा लाडू मिळायचा, त्यामुळे मला ही पद्धत अत्यंत योग्य वाटायची.

तर हे असं चाललं होतं. मग दोन वर्षांपूर्वी काकूंच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. उशिरा कळलं. ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी सांगितलं, कडांचं सगळं गेलंय, मधे किल्लीच्या भोकाएवढं उरलंय, तेही किती दिवस ते सांगता येत नाही. काकू परत आल्या आणि आईला म्हणाल्या, “बरं झालं, आता भांडी घासलेली दिसणार नाहीत. तुमच्या भावोजींनाच घासायला लावते.” हसल्या, आणि लगेच म्हणाल्या, “फक्त एकदा जयू दिसायला हवा होता. मग जाऊ देत.”

पार्थ त्यांचा मुलगा, बंगळुरूला असतो, कॉम्प्युटरवाला. मराठी सगळी समजते, बोलताना हिंदी निघते. त्याने हे फोनवर ऐकलं आणि यंदाच्या दिवाळीला येताना एक स्कॅनर घेऊन आला. पाडव्याच्या दुपारी मी फराळाला गेलो तर बैठकीत टेबलावर लॅपटॉप, शेजारी ती डबी, आणि काकू नवी साडी नेसून अशा बसलेल्या जणू आतून भाऊच बाहेर यायचा आहे.

“चैतू, ये रे. अरे, निघालं ते मशीन! हे म्हणाले होते ना, बघ. अठ्ठावीस वर्षं लागली, पण निघालं.”

काका खिडकीपाशी उभे होते. त्यांच्या हातात करंजी होती आणि ती ते खात नव्हते.

पार्थने रीळ काढलं, पट्ट्या कापल्या, एकेक आत सरकवली. पडद्यावर काळं. पुढची पट्टी, काळं. त्याने काहीतरी आकडे कमी-जास्त केले, तर काळ्याचं करडं झालं.

“कुछ नहीं है, आई. पूरा जल गया है.”

“वेळ दे रे त्याला. तू लहानपणापासून उतावळा.”

पार्थने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, दुसरा उपाय आहे. शाळेचा ग्रुप फोटो, त्यातले खांदे, मान, केस. आईचा जुना चेहरा. समथरच्या मास्तर आजोबांचा चेहरा. हे सगळं घालून मशीनला सांगायचं, वीस वर्षांचा मुलगा काढ, हसणारा, मोठा कोट घातलेला. “नब्बे परसेंट मामाच येईल.” मामाच येईल हे दोन शब्द मराठीत म्हणाला, आईसाठी.

पाच मिनिटांत पडद्यावर एक मुलगा आला.

छान होता. काकूंचे डोळे, मास्तरांचं कपाळ, केस मागे वळवलेले. कांती अशी की कधी उन्हात गेलाच नसावा. काकूंनी लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि नाकाजवळ धरून हळूहळू फिरवला, त्या किल्लीच्या भोकात एक डोळा, मग दुसरा, मग तोंड असं आणत. मी बघत होतो, आणि खरं सांगतो, मला वाटलं झालं काम. नव्वद टक्के काय, कुणालाही शंभर टक्के पटेल.

“जयू,” काकू म्हणाल्या. पडद्यावर बोट फिरवत राहिल्या. मग बोट ओठांपाशी थांबलं. “दात कुठाय?”

“कौनसा दाँत, आई?”

“अरे, पुढचा दात अर्धा होता त्याचा. भोवरा लागला होता. इतका हसायचा आणि तो अर्धा दात आधी दिसायचा.”

“डाल देता हूँ. लेफ्ट या राइट?”

“उजवा.” त्या थांबल्या. “नाही, थांब.” स्वतःच्या दातावर बोट ठेवलं, मग दुसऱ्या. “त्याचा उजवा म्हणजे माझ्या समोरून... थांब रे, गोंधळवू नकोस.”

पार्थ थांबला होता, कुणीच गोंधळवत नव्हतं. काकूंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ज्या पोराला अंगाखांद्यावर वाढवलं, त्याचा दात कुठला तुटला ते आठवत नाही, हे त्यांना आमच्यासमोर, त्या क्षणी कळत होतं. मग त्या एकदम सुटल्यासारख्या हसल्या आणि खिडकीकडे वळल्या.

“अहो, तुम्ही सांगा की! तुम्ही बघितलंय त्याला कॅमेऱ्यातून, शेवटचं. कुठला दात?”

डावा म्हटलं असतं तरी चाललं असतं. उजवा म्हटलं असतं तरी. पार्थने दोन मिनिटांत दात तोडला असता, मी सोमवारी फ्रेम करून आणली असती, आणि काकूंना मरेपर्यंत भाऊ मिळाला असता. काकांनी करंजी खिडकीत ठेवली.

“मी बघितलं नाही, इंदू.”

“म्हणजे? आठवत नाही?”

“बघितलंच नाही. खाली फ्लॅश होता तो.”

काकूंना कळलं नाही. मला कळलं, कारण मागच्या बाकावर बसून मी त्या धंद्याचं सगळं ऐकलं होतं. रिळांच्या काळात लग्नात प्रत्येक जण म्हणायचा, एक माझा, एक आमचा. सगळ्यांचे काढायचे तर रीळ कुठून पुरणार? मग फोटोग्राफर फ्लॅशच्या मागचं एक लहानसं बटण दाबायचे. फ्लॅश पडतो, कॅमेरा उघडत नाही. माणूस खूष, रीळ शाबूत. बाकी मराठीत खाली म्हणजे वरच्या उलट, पण या धंद्यात हिंदीतलं खाली धरतात. रिकामा. सगळेच मारायचे. हसून सांगण्यासारखी गोष्ट होती ती, आणि काकांनी दुसऱ्या फोटोग्राफरांच्या नावाने मला ती हसून सांगितलीही होती.

काकांनी काकूंना तेच समजावून सांगितलं, गिऱ्हाइकाला सांगावं तसं, शांतपणे. रिळात सात फोटो उरले होते. पाठवणी व्हायची होती. गोपाळराव रडणार हे त्यांना दिसत होतं आणि तो फोटो त्यांना हवा होता. ब्रेसाँसाहेबाने टिपला असता तसा. “जयंतचा काय, तो पुढच्या महिन्यात येणारच होता.”

“मग रीळ?”

“रीळ चांगलं होतं. पाठवणीचे पाच फोटो होते. तू मागितलास तेव्हा... धुऊन आणलं असतं तर सगळं आलं असतं आणि तेवढा एकच नसता. तू विचारलं असतंस.” त्यांनी हात पुढे धरून बघितला, जणू अजून कॅमेरा आहे त्यात. “मागच्या अंगणात गेलो. झाकण उघडलं. उन्हात सगळं रीळ ओढून बाहेर काढलं, परत गुंडाळलं आणि धुवायला दिलं.”

पार्थ म्हणाला, “बाबा, छोड़ो ना अब. राइट रख देते हैं, आई, ठीक है?”

काकूंनी टेबलावर चाचपून डबी शोधली. “मग यात काय आहे?”

“चैतूचे आजोबा. रेवती. पाठवणी.”

“म्हणजे अठ्ठावीस वर्षं मी गोपाळरावांना ओवाळत होते.”

आमच्यापैकी कुणी हसलं नाही. काकूंच्या स्वतःच्या तोंडावर मात्र काहीतरी हसल्यासारखं येऊन गेलं, ते आलं नसतं तर बरं झालं असतं.

“तेही नाहीत त्यात,” काका म्हणाले. “तेही मीच...” आणि माझ्याकडे बघायला लागले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याकडे असं बघत होते की मी काहीतरी द्यावं. मी बशीतला चिवडा बघत बसलो. दर दिवाळीला बाबा म्हणतात, मशीनच ते, मधूचा काय दोष, आणि हे पलीकडच्या भिंतीतून काकांना ऐकू येत असणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मग काकूंनी विचारलं. आवाज अगदी साधा.

“तुम्ही बघत नव्हता तर कुठे बघत होता?”

“मांडवाच्या दाराकडे. गाडी आली का ते.”

“आणि मी तुमच्याकडे बघत होते,” काकू म्हणाल्या. “जयू म्हणाला, ताई, भाऊजींकडे बघ. मी बघितलं. तो शेजारी होता, मी वळले नाही. म्हटलं फोटोत दिसेलच.”

त्यांनी लॅपटॉप मिटला. डबी माझ्या दिशेने सरकवली, अंदाजाने, ती टेबलाच्या कडेला थांबली.

“ने. तुमची आहे.”

मी ती घरी आणली. बाबांना सांगितलं. त्यांनी डबी उघडून एक पट्टी ट्यूबलाइटपुढे धरली, बराच वेळ. आजोबा कुठे असतील ते शोधत असावेत. आत्याला ग्वाल्हेरला अजून सांगितलेलं नाही. बाबा म्हणतात, तू सांग, तुला लिहिता-बोलता येतं. म्हणून आधी हे लिहितोय.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. संध्याकाळी आई मला म्हणाली, जा, बघून ये. वर गेलो तर त्यांच्या गच्चीचं दार उघडं होतं. पाट मांडलेला नव्हता. काकू कठड्याशी उभ्या, हातात ताट, निरांजन लावलेलं. काका दोन पावलं मागे. पार्थ खाली बॅग भरत होता.

द्वितीयेचा चंद्र म्हणजे नखाएवढा, सूर्य बुडाल्यावर घटकाभर पश्चिमेला टेकतो आणि जातो. काकू पूर्वेकडे तोंड करून उभ्या होत्या.

“कुठे आहे?” त्यांनी विचारलं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्या चंद्राला ओवाळणार होत्या.

काका पुढे आले. आधी त्यांनी खांद्याला हात लावला नाही, नुसता हवेत धरला. मग लावला आणि काकूंना वळवलं. “थोडं डावीकडे. अजून. हनुवटी वर.” सगळ्या झाशीला त्यांनी असंच बसवलंय. “हां. तिथेच.”

“दिसतोय?”

काकांनी बघितलं. पश्चिमेला किल्ल्याच्या बाजूला सगळा फटाक्यांचा धूर साचला होता, मोबाइलचा टॉवर, त्यावर दोन लाल दिवे. मीही बघितलं. चंद्र नव्हता. काकूंना कुठल्याही बाजूला वळवून तो बघ म्हटलं असतं तरी त्यांनी ओवाळलं असतं.

“नाही,” काका म्हणाले. “धूर आहे.”

“मग थांबू.”

थांबल्या. काकांनी चष्मा काढून सदऱ्याने पुसला, परत लावला आणि बघत राहिले. खाली गल्लीत कुणीतरी माळ लावली. ताटातली ज्योत हलत होती, काकूंनी पदराने आडोसा केला. मी दारातच उभा होतो, त्यांना माहीत नव्हतं की माहीत असून चाललं होतं, कोण जाणे. धूर थोडा हलला. मागे आकाश होतं, निळसर, रिकामं.

“गेला असेल आता,” काका म्हणाले.

“बघितलंत ना नीट?”

“बघितलं.”

काकूंनी ताट कठड्यावर ठेवलं. निरांजन विझवलं नाही, तूप होतं तोवर जळू दिलं.